झेंड्याचं दंडवत

मूलच्या बाहेर, भाताच्या बांध्या संपून झुडपी जंगल सुरू होतं तिथं, फवारणीच्या विमानांची धावपट्टी होती. धावपट्टी म्हणजे काय, मुरूम दाबून केलेला लांब पट्टा. एका टोकाला औषधाची पिंपं, दुसऱ्या टोकाला चरणारी गुरं. धानावर तुडतुडे उतरले की नागपूरहून कंपनीची पिवळी विमानं यायची आणि दिवाळीच्या तोंडावर परत जायची. पट्ट्याच्या कडेला मोहाचं झाड होतं आणि झाडाखाली पत्र्याची एक खोली. खोलीत एक बाज, एक स्टूल, एक माठ. कागद नाही, पेन नाही, टेलिफोन नाही. तसं मुद्दामच केलेलं होतं.

या खोलीत बापूराव मोहुर्ले बसायचे.

बापूरावांची सारी नोकरी मूलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. ट्रंक कॉलचा जमाना. कोणाची सोयरीक मोडली, कोणत्या राइस मिलवाल्याचा भागीदार फुटला, कोणाच्या घरचं माणूस चांद्याच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजतंय, सगळं त्यांच्या कानावरून गेलं. कानावरून तोंडात मात्र कधी आलं नाही. दुसरा नाद कीर्तनाचा. पंचक्रोशीत कुठंही कीर्तन असो, बुवांच्या मागं टाळ घेऊन बापूराव उभे. बुवांची बस चुकली तर स्वतःच पुढं होत. आवाज जाडाभरडा, पण आख्यान लावलं की बाया पदर डोळ्याला लावत आणि पुरुष उगाच खोकत.

खोली उघडली ती कंपनीच्या नव्या मुख्य वैमानिकानं. हवाई दलातून निवृत्त झालेला माणूस. त्याचं म्हणणं सरळ होतं. चुका सगळ्यांच्याच हातून होतात. आज एकजण थोडक्यात वाचला, हे दुसऱ्याला कळलं तर दुसराही वाचतो. पण सांगणाऱ्याचंच लायसन जाणार असेल तर सांगेल कोण? म्हणून ठरलं की जो वैमानिक आपणहून येऊन आपली चूक सांगेल त्याचं नाव ऐकणाऱ्याच्या पलीकडं जायचं नाही, त्याच्यावर कारवाई व्हायची नाही, आणि त्यानं सांगितलेलं कोणत्याही चौकशीत वापरायचं नाही. कोणी दारू पिऊन उडवलं, मुद्दाम काही केलं किंवा अपघातच केला, तर त्याला ही सवलत नाही.

ऐकायला कोण बसणार, असा प्रश्न आला तेव्हा वैमानिकांनी एकमुखानं बापूरावांचं नाव घेतलं. एक तर त्यांचे ते कान. आणि दुसरं कारण श्रावण.

श्रावण बापूरावांचा एकुलता. आई, मनकर्णाबाई, तो शाळेत असतानाच गेली. स्कॉलरशिपवर नागपूरच्या फ्लाइंग क्लबात शिकला आणि ज्या आकाशाखाली म्हशी चारल्या त्याच आकाशात विमान घेऊन आला. तीन हंगामांमागं खैरटोल्याच्या शिवारात त्याच्या विमानाचं चाक विजेच्या तारेत अडकलं. विमान धानात उलटं पडलं. सरकारी चौकशी झाली. खालून विमानाला ओळ दाखवणाऱ्या झेंडेवाल्यानं सांगितलं, मी झेंडा घेऊन बांधावरच उभा होतो. तार तर त्या बांधापासून चांगली लांब. मग निकाल आला, 'वैमानिकाने ठरलेली ओळ सोडली, वैमानिकाची चूक.'

श्रावण ओळ सोडून तिकडं कशाला गेला? हा एकच प्रश्न तेव्हापासून मोहुर्ल्यांच्या घरात राहत होता. सकाळी चहाला असायचा, संध्याकाळी दिव्याला असायचा. बापूराव तो विचारत नसत आणि त्यांची सून कमळाही विचारत नसे. ती पोरींच्या शाळेत मास्तरीण होती. तिचं एवढंच होतं, की विमानाचा आवाज आला की हातातलं टाकून अंगणात जायची. श्रावण कामावरून परतताना घरावरून यायचा आणि एकदा डावा, एकदा उजवा असा पंख डोलवायचा. तो गेल्यापासून बाकीचे वैमानिक तलावाकडून वळसा घालून उतरत. तिला त्रास नको म्हणून. आवाज लांबूनच जायचा. ती तरी अंगणात जायचीच.

करार लिहिला चांद्याच्या गुणवंतराव खोब्रागडे वकिलांनी. लिहून झाल्यावर चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले होते, "बापूभाऊ, एक ध्यानात ठेवा. ह्या करारानं कंपनीचे हात बांधले. सरकारचे हात बांधाचा कायदा आपल्या देशात अजून नाई. कोर्टानं मागितलं तं जे लिवून असंन ते द्या लागंन."

"मंग?"

"मंग लिवूच नका."

म्हणून खोलीत कागद नव्हता. कीर्तनाच्या मांडवात शिरताना चपला बाहेर राहतात, तशी बापूरावांनी इथं रीत घातली. कोणी दारात आला की म्हणायचे, "चपला बाहेर, नाव बाहेर." मग ऐकायचे. शेवटी एकच प्रश्न विचारायचे, "आता काय केलं तं पुढचा वाचंन?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, विमानं निघण्याआधी, मोहाखाली सगळ्यांना ते आख्यान लावून सांगायचे. "एक होता वैमानिक, आकाशनगरीचा राहणारा. तेलाचं झाकण लावाले इसरला..." सगळे हसायचे. ज्यानं झाकण विसरलं तोही हसायचा, आणि त्या दिवशी प्रत्येकजण आपापलं झाकण दोनदा पाहायचा.

शफी आला तो भर दुपारी.

शफी मूलचाच, कापडवाल्या बाबूभाईंचा मुलगा. श्रावणबरोबर शाळेत, श्रावणबरोबर नागपुरात, आणि ईदचा शिरखुर्मा अजून मोहुर्ल्यांकडं आणून देणारा. दारात वाकून तो बुटाच्या लेसशी झटत बसला.

"येवढा टाइम लागते का बूट काढाले?" बापूराव आतून म्हणाले. "आन नाव बी काढ तिथंच."

एरवी यावर तो हसायचा. आज हसला नाही. आत येऊन स्टुलावर बसला आणि परत उठला.

"काका, हे तुमाले नाई सांगता येत."

"मंग कोणाले सांगता येते?"

"तेच तं. दुसरं कोणीच नाई."

बापूरावांनी माठातलं पाणी पुढं केलं. तो घोटभर प्यायला.

"काल वरून एक झेंडा पायला. विजेच्या पोलले बांधून होता. मानूस नाई जवळ, नुसता झेंडा."

हे समजायला फवारणीची रीत ठाऊक हवी. शेताच्या दोन टोकांना दोन माणसं पांढरे झेंडे घेऊन उभी राहतात. विमान धानाला घासून, या झेंड्यावरून त्या झेंड्यावर असं सरळ येतं. वैमानिकाला खाली बांध दिसत नाहीत, माणसं दिसत नाहीत. दिसतो तो झेंडा.

"मंग तू काय केलं?"

"वर घेतलं. मले मालूम होतं तिथी तार असंन म्हणून."

"मालूम कसं काय?"

शफीनं लोटा खाली ठेवला. बाहेर कोणीतरी रिकामं पिंप लोटत नेत होतं, तो खडखडाट संपेपर्यंत थांबला.

"कारण मी पह्यले एकदा गेलो होतो, काका. असाच झेंडा होता, असाच पोलले बांधून. औषध भरून मी लवकर परतलो, झेंडेवाले शिदोरी खाले गेले होते. मी समजलो, हेच ओळीचं टोक. सिधा त्याच्यावर गेलो. तार दिसली ते नाकापुढं. वर घ्याले जागाच नव्हती, खालून काढलं. चाकाले धानाच्या लोंब्या लागून आल्या. म्या हातानं साफ केल्या आन कोणाले काही बोललो नाई." तो थांबला. "त्याच साली एकानं इंजिनाचं खरं सांगतलं होतं तं त्याले घरी बसवलं, पोलिसात जबानी घेतली. म्या भेलो."

"कोणत्या साली," हे बापूरावांनी विचारायचं नव्हतं. करारात नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही. शफीच बोलला.

"श्रावण होता तवाची गोष्ट. त्याच्या थोडेच रोज आंधी."

एक्स्चेंजमध्ये कधी दोन लाइनी एकमेकींत शिरायच्या आणि नको ते कानात यायचं. तेव्हा बापूरावांचा हात आपोआप पिनेकडं जायचा, ओढून काढायला. आत्ताही हात उठला. पण इथं ओढायला काहीच नव्हतं. तीन वर्षं घरात बसलेला प्रश्न समोरच्या स्टुलावर येऊन बसला होता आणि स्वतःच उत्तर देत होता. श्रावण ओळ सोडून गेलाच नाही. ओळच तिकडं गेली होती.

मग, कधीही विचारला नव्हता इतक्या हळू, त्यांनी तो शेवटचा प्रश्न विचारला.

"आता काय केलं तं पुढचा वाचंन?"

"झेंडेवाल्यायले सांगा, हलाचं असंन तं झेंडा जमिनीवर आडवा ठेवा."

"येवढंच?"

"येवढंच, काका."

"कंपनी सांगत नाई का त्यायले?"

"दरसाल सांगते. मुंडी हालवते आन मंग वर कुठी तरी बांधून जाते. काल दिसला म्हणून आलो. नवीन वैमानिक आहे आपल्यात, त्याले काय मालूम?" शफीचे डोळे भरून आले होते. "काका, मले शिव्या तं द्या."

"इथी देता येत नाई. करारात नाई."

"बाहेर द्या मंग."

"बाहेर मले काही मालूमच नाई," बापूराव म्हणाले.

शफी गेला. लेस बांधायला पुन्हा वेळ लागला.

झेंडा खाली का ठेवत नाहीत हे बापूरावांना कोणी सांगायला नको होतं. हातात पताका घेऊन ते कितीदा तरी दिंडीत चालले होते. जेवायला बसतानाही पताका झाडाला टेकवायची, मातीला लावायची नाही. खैरटोल्याच्या बौद्धवाड्यात पंचशील ध्वज असाच सांभाळतात आणि फकिराच्या तकियावरचं निशाण शफीचे बाबूभाई असंच दोन्ही हातांनी उचलतात. काठीला कापड लावलं की ते या मुलखाच्या माणसाला कापड वाटत नाही. कंपनीचा का असेना, झेंडा तो झेंडा. विजेचे खांब गावात नवीनच आले होते. शेतात तेच सगळ्यात उंच, तेच सगळ्यात मानाचे.

संध्याकाळी कमळानं ताट वाढलं.

"आज तुमी जेवून नाई राह्यले, मामाजी."

"जेवून राह्यलो ना."

"भात तसाच आहे."

त्यांनी एक घास घेतला. एका शब्दाचं काम होतं. शफीला म्हटलं असतं, चल, सरकारी साहेबापुढं सांग, तर तो त्याच बुटांनिशी आला असता. तेच भ्यायला लावणारं होतं. श्रावणच्या नावापुढची चूक पुसली गेली असती. शफीचं लायसन गेलं असतं. आणि मोहाखालच्या खोलीत दुसऱ्या दिवसापासून फक्त माठ राहिला असता.

"काही झालं का तिकडं?" कमळानं विचारलं.

"नाई. रविवारी कीर्तन ठेवतो पट्टीवर. झेंडेवाले बोलावले आहे साऱ्या गावचे."

"तुमी उभे राहणार?"

"हव."

श्रावण गेल्यापासून ते कीर्तनाला उभे राहिले नव्हते. कमळानं पेटीतून त्यांचं उपरणं काढलं आणि उन्हात टाकायला बाजूला ठेवलं.

रविवारी मोहाखाली माणूस मावेना. झेंडेवाले बसले होते, त्यांच्या बायका आल्या होत्या, कीर्तन म्हणून मूलच्या बायाही आल्या होत्या. त्यांच्यात कमळा. खुर्च्यांवर कंपनीचे मॅनेजर आणि गावोगावचे पोलीस पाटील. चारही वैमानिक पिंपांवर बसून होते. झेंडेवाल्यांतल्या एकानं मृदंग आणला होता, तो सकाळपासून कणीक लावून वाजवून पाहत होता.

नमन झालं. बापूरावांनी चिपळ्या वाजवून सगळ्यांवरून नजर फिरवली.

"मायबापहो, आज आख्यान देवाचं नाई, राजाचं नाई. आज आख्यान झेंड्याचं. इथी नाना जातीची माणसं आहे. ज्याच्या त्याच्या घरी ज्याचा त्याचा झेंडा आहे. मले सांगा, देवापुढं गेल्यावर आपण काय करतो?"

"पाया पडतो जी," पुढून कोणी तरी म्हणालं.

"उभ्यानं?"

"वाकून."

"लय भाव दाटला तं?"

"दंडवत घालतो."

"दंडवत म्हणजे कसं?"

"आडवं पडाचं जी. काठीवानी."

"तवा डोस्कं कुठी टेकते?"

"जमिनीवर."

"तुमचं डोस्कं जमिनीवर टेकते तं तुमाले पुण्य, आन झेंडा टेकला तं त्याले पाप? काऊन गा? धान तिच्यातूनच येते ना? तिच्यातूनच तं आलो आन तिच्यातच जाचं आहे. झेंड्यालेच का मनाई दंडवताची?"

हसू पसरलं. मागं एक म्हातारी म्हणाली, "खरं बोलते बुवा."

मग बापूरावांनी आवाज खाली घेतला. एक वैमानिक होता, म्हणाले. कुठला ते आपल्याला ठाऊक नाही, नाव आपल्याला ठाऊक नाही. वरून त्याला तुमी दिसत नाही, मी दिसत नाही. त्याला दिसतो फक्त झेंडा. तुमी शिदोरी खायला गेले, झेंडा मानानं उंच खांबाला बांधला. तो त्याच्यावर विश्वास ठेवून आला. जसा भक्त येतो. डोळे मिटून, सिधा. आणि तार आडवी.

मृदंग थांबला होता. पिंपांवर चौघंही खाली बघत होते.

"तो वाचला," बापूराव म्हणाले. "पण एक..."

पुढचं वाक्य त्यांनी घरी कितीदा म्हणून पाहिलं होतं. आत्ता ते आलंच नाही. त्या शांततेत झेंडेवाल्यांच्या मधोमध एक माणूस उभा राहिला. वाळलेला, खांद्यावर दुपट्टा, हात जोडलेले.

"जी," तो म्हणाला, "त्या रोजी माहा झेंडा..."

बापूरावांनी त्याला ओळखलं. खैरटोल्याचा लहानू. तहसीलच्या हॉलमध्ये असेच हात जोडून त्यानं सांगितलं होतं, मी बांधावरच उभा होतो. हेच तोंड एकदा उघडावं म्हणून बापूरावांनी तीन वर्षं दिव्यापुढं हात जोडले होते. ते आता उघडलं होतं, आणि बाजूला खुर्चीवर खैरटोल्याचे पोलीस पाटील वळून बघत होते, मॅनेजर खुर्चीत पुढं सरकले होते. करार वैमानिकांचा होता. झेंडेवाल्याला त्यात कुठंच आडोसा नव्हता.

एक श्वास जाईल एवढाच वेळ. मग बापूरावांनी टाळ उचलला आणि छातीतला सगळा आवाज लावला.

"विठ्ठल विठ्ठल विठ्ठल!"

कीर्तनात गजर झाला की कोणी मागं राहत नाही. मृदंगावर थाप पडली, बायांनी टाळ्या धरल्या, शेकडो कंठ एकात मिळाले. ज्याला विठ्ठल म्हणायचा नव्हता त्यानंही टाळी धरली. मधोमध लहानूचे ओठ हलत होते. तो बोलत होता, रडत होता, आणि एक शब्दही कोणाच्या कानापर्यंत पोचत नव्हता. पोचू नये म्हणून बापूराव गजर वाढवत राहिले, गळा फुटेस्तोवर. लहानू खाली बसला तेव्हाच त्यांनी टाळ ठेवला.

परतताना कमळा त्यांच्या चार पावलं पुढं चालत होती. अंगणात शिरल्यावर थांबली.

"मामाजी, तो मानूस बोलून राह्यला होता."

"हव."

"तुमी त्याले बोलू नाई देलं."

"हव."

"काऊन?"

बापूराव ओट्यावर टेकले. "सरकारी चौकशीत खोटी जबानी देल्ली त्यानं. पोलीस पाटील समोर बसला होता. उद्या त्याले बेड्या पडल्या असत्या."

"पडू द्या." ती अगदी हळू म्हणाली. "माह्या मानसाले चूक लावली त्यायनं. मी शाळेत जातो तं पोरी इचारते, बाई, तुमचे ते रस्ता चुकले होते का. आन तुमी टाळ वाजवत राह्यले."

"माहा बी पोरगाच होता, कमळा."

"मंग?"

"मंग हेच. श्रावणच्या आंधी कोणाच्या तरी ध्यानात आलं होतं. त्याले सांगाले जागा नव्हती. आता जागा केली. पह्यलाच मानूस माह्या डोळ्यापुढून बेडीत गेला, तं मंग कोण येईन तिथी? लहानू तं नाईच येणार. त्याच्या मागचा बी नाई."

कमळा आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता, घासून झालेलीच भांडी पुन्हा घासल्यासारखा.

चार दिवसांनी बापूराव चांद्याच्या बसमध्ये बसले. गुणवंतरावांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकला आणि ऐकून घेतलं. बापूरावांनी दोन गोष्टी विचारल्या. पहिली, झेंडेवाल्यांना करारात घेता येईल का.

"येईन. मॅनेजर कुरकुर करंन. पण कीर्तनापासून त्याचे वैमानिक सांगून राह्यले ना, साऱ्या शिवारात झेंडे आडवे पडून आहे म्हणून? घेईन तो सही करून. दुसरी गोष्ट?"

"समजा, कोणी त्या खोलीत असं सांगतलं का ज्यानं एका जुन्या चौकशीचा निकाल फिरंन."

गुणवंतरावांनी चघळणं थांबवलं. कोणत्या चौकशीचा, हे त्यांनी विचारलं नाही.

"नाव सांगता?"

"नाई."

"तं मंग साक्ष नाई. बापूभाऊ, आपण लिवलं का तिथं सांगितलेलं कोणत्याच चौकशीत वापराचं नाई. शिक्षा द्याले नाई, तसंच कोणाले सोडवाले बी नाई. मी तवाच म्हणलो होतो, एखादी फट ठेवू. तुमीच म्हणाले, फट नको."

"मीच म्हणलो होतो."

"आता पाहिजे का फट?"

खिडकीखाली चांद्याचा बाजार चालला होता. बापूरावांनी थोडा वेळ तिकडं पाहिलं. एकदा 'हो' म्हणायचं. सगळं तसंच आहे, फक्त एकदा.

"नको," ते म्हणाले.

गुणवंतराव उठून खिडकीपाशी गेले, थुंकून आले. "स्कॉलरशिपचा अर्ज मीच लिवून देला होता त्याचा," ते म्हणाले. "पेन माहाच होता. अक्षर त्याचं चांगलं होतं म्हणून त्यानं पुन्हा लिवला." मग त्यांनी टाइपरायटरवर कागद चढवला.

सुधारलेल्या करारावर सही झाल्याची दवंडी गावोगाव गेली. लहानू लगेच नाही आला. धान पोटरीत आलं, विमानांचं काम सरत आलं, तेव्हा एक दिवस मोहाखाली येऊन उभा राहिला. वहाणा त्यानं झाडापाशीच काढल्या होत्या.

"नाव..." तो म्हणाला.

"बाहेर ठेव. ये."

तो स्टुलावर बसला नाही, भुईवर उकिडवा बसला. विशेष असं काहीच सांगितलं नाही त्यानं. औषध भरायला गेलेलं विमान येवढ्यात येत नाही म्हणून झेंडा खांबाला बांधला. बायको भात आणि लाखोरीचं वरण घेऊन आली होती. घास हातात असतानाच आवाज आला. दुपट्टा हलवत धावला.

"कसं आलं इमान?" बापूरावांनी विचारलं. हा प्रश्न नेमातला नव्हता. पण झेंडेवाल्यानं झेंड्याबद्दल बोलताना तो विचारता येण्यासारखा होता.

"सिधं जी. सुतासारखं सिधं. झेंड्यावर. इकडं नाई का तिकडं नाई." लहानूनं तळहात आडवा धरून दाखवला. "मानसं जमाच्या आंधी म्या झेंडा सोडला खांबाचा. भेव लागला. तवापासून घरच्या आड्यावर हाय तो. उभा करू नाई शकत, फेकू नाई शकत. काय करू जी त्याचं?"



"खाली काढ," ते म्हणाले. "आडवा ठेव. दंडवत घालू दे त्याले."

मग त्यांनी नेमातला प्रश्न विचारला, आता काय केलं तं पुढचा वाचंन. लहानू म्हणाला, ते तं तुमी करून टाकलं जी.

संध्याकाळी कमळा तांदूळ निवडत बसली होती. बापूराव समोर येऊन बसले. किती सांगायचं आणि कुठं थांबायचं हे ते वाटेत ठरवत आले होते.

"कमळा, तो ओळ सोडून गेला नाई. झेंडा जिथी दिसला तिथी सिधा गेला. सुतासारखा सिधा."

तिचा हात सुपात तसाच राहिला. तोंड उघडलं, विचारण्यासाठी. कोणी सांगितलं, हाच प्रश्न असणार. बापूराव बघत होते. तिनं तो गिळला. बराच वेळ ती सुपातल्या तांदळांवर बोटं फिरवत बसली, जणू तिथं ती ओळ काढत होती.

"सुतासारखा," ती म्हणाली.

"हव."

"कागदावर नाई येणार हे."

"नाई येणार."

ती उठली, सूप भिंतीला टेकवलं. दारापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली.

"मामाजी, एक सांगाल का तुमच्या वैमानिकायले? म्हणा, आमच्या घरावरून जात जा. तलावाकडून नका जाऊ. कोणी बी असो. मले नाव नाई पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहाखाली बापूरावांनी आख्यानाच्या शेवटी हे सांगितलं, एका घरच्या बाईचा निरोप म्हणून. कोणत्या घरच्या, हे सांगितलं नाही. चौघांनीही ऐकलं.

दिवस मावळायला आला होता. बापूराव ओट्यावर होते, कमळा चुलीपुढं. आवाज आधी तलावाच्या बाजूनं आला, मग वळला आणि वाढत वाढत घराकडं यायला लागला. कमळा हातातलं टाकून अंगणात आली. तिची सावली तुळशीपर्यंत लांब पडली होती. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि डोळे मिटले.

विमान मावळतीकडून कौलांवर आलं. त्याची सावली अंगणातून सरकत गेली, तिच्या पायांवरून, ओट्यावरून. त्या सावलीचा एक पंख खाली झुकला, मग दुसरा. बापूरावांनी सावलीकडंच पाहिलं, वर मान केली नाही. आवाज धावपट्टीकडं विरत गेला. कमळा डोळे मिटून तशीच उभी होती, आणि तिचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले होते.